पाच वाजताचे डोळे

नव्या मुली मला विचारतात, "मॅडम, तुमचा पहिला कॉम्प्युटर कसा होता हो?" मी सांगते, "थंड होता." त्या हसतात. पण मला खरोखर आधी तेच आठवतं. मे महिन्यात भंडाऱ्याचा डांबरी रस्ता चपलेला चिकटायचा आणि मी ऑफिसातल्या एका खोलीत स्वेटर घालून बसलेली असायची. तो स्वेटर मी माझ्या गावाहून, कोंढ्याहून, एसटीने येताना पिशवीच्या तळाशी दडवून आणायची. एकदा उघड हातात धरून आणला, तर शेजारच्या बाईने "पोरीले हिवताप आला वाटते" म्हणून सरकून बसायला जागा दिली. तेवढा एकच दिवस मला गाडीत ऐसपैस जागा मिळाली.

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमची कंपनी धानाच्या गिरण्यांना सुटे भाग पुरवायची. रबरी रोल, पट्टे, चाळण्या, बेअरिंगा. गिरणीत रोज काहीतरी झिजतं आणि ऐन हंगामात तुटतं, यावर आमचं सगळ्यांचं पोट होतं. पुढे गोदाम, मागे ऑफिस. तोपर्यंत कुठला माल किती आला, किती गेला, हे सगळं मोठमोठ्या रजिस्टरांत हाताने लिहिलेलं होतं. नागपूरच्या हेड ऑफिसला वाटलं की ते कॉम्प्युटरवर चढवावं. माझं मराठी-इंग्रजी टायपिंग झालेलं होतं, बोटं बरी चालत होती. बाबा कोंढ्याला प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांनी जाहिरात पाहिली, मी परीक्षा दिली आणि लागले. सहा महिने तात्पुरती, काम पसंत पडलं तर कायम.

काम कसं असायचं ते थोडक्यात सांगते. डाव्या हाताला रजिस्टर उघडं. त्यातली एक ओळ डोळ्यांनी उचलायची, बोटांनी आत टाकायची, पडद्यावर नीट उमटली का ते बघायचं आणि पुन्हा रजिस्टरकडे वळायचं. टायपिंगमध्ये चूक झाली तर कागदावर दिसते. इथे एखादा आकडा चुकला तर तो आत जाऊन गुपचूप बसतो आणि पावसाळ्यात कोणाच्या तरी गिरणीला पट्ट्याऐवजी चाळणी पोचते. त्यामुळे पापणी लववायलाही मन धजायचं नाही. त्यातून वीज कधी जाईल याचा नेम नाही. साठवून न ठेवलेलं सगळं एका क्षणात स्वाहा. ओळ सुरू केली की संपेपर्यंत मी डोळे वटारून बसायची. आरशात पाहिलं असतं तर स्वतःलाच भ्यायले असते.

पडदा काळा, अक्षरं हिरवी. दुसरा रंगच नाही. आणि त्या यंत्राचे लाड काय सांगावेत! नागपूरहून आलेला इंजिनिअर बजावून गेला होता की याला धूळ नको, ऊन नको, गरमी नको. साहेबांनी ते मनावर घेतलं. खिडक्यांना काळं कापड ठोकलं. थंड हवेचं यंत्र बसवलं, ते नेमकं माझ्या तोंडासमोर. चपला दाराबाहेर. दुपारी यंत्रावर घालायला मऊ कापडाचं झाकण, संध्याकाळी निराळं झाकण. विजेच्या चढउताराने त्याला त्रास होऊ नये म्हणून पायाशी एक वेगळा डबा गुरगुरत असायचा. मला लाकडी खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा.

कॉम्प्युटर बघायला माणसं यायची. गिरणीमालक माल घ्यायला आले की बाहेर चपला काढून, हात जोडून आत डोकवायचे. सिहोऱ्याचे एक म्हातारे गिरणीवाले यायचे, त्यांचा तर यंत्रावर फारच विश्वास. "याले इचार ना बाई, औंदा पानी कसा येते?" मी म्हटलं, "काकाजी, याला आम्ही जेवढं सांगतो तेवढंच हा सांगतो." ते निराश होऊन म्हणाले, "मंग हा तं माह्या जावयावानी झाला."

दसऱ्याला चपराशाने यंत्राला झेंडूचा हार घातला आणि पडद्यावर मधोमध हळदीकुंकवाचं बोट ओढलं. पुसायची कोणाची छाती होईना. मी कित्येक दिवस त्या बोटाच्या डावी-उजवीकडून मान वाकवून वाचत होते.

पहिला धक्का बसला तो जेवणाच्या सुट्टीत. डबा उघडला तर भात गुलाबी. मी झाकण लावलं, परत उघडलं. गुलाबीच. घरी गेल्यावर मायला विचारलं, "माय, भातात बीट टाकलं होतं का?"

माय चुलीपुढून वळलीच. "अवं, धानाच्या घरची पोरगी तू, भातात बीट टाकतेत का कोनी? पांढराशुभ्र भात देल्ला होता मी!"

दुसऱ्या दिवशी तिने मला दाखवून दाखवून भात भरला. दुपारी डबा उघडला, पुन्हा गुलाबी. मी तो निमूटपणे खाल्ला. चव पांढऱ्या भाताचीच होती.

मग लक्षात आलं की सुट्टीत बाहेर येताच भिंत, धोतरं, बगळे, पांढरं जे काही असेल ते गुलाबी दिसतं आणि थोड्या वेळाने ताळ्यावर येतं. त्याची मला गंमतच वाटायची. पण दुसरी गोष्ट गमतीची नव्हती. संध्याकाळी ऑफिसातून निघाले की लांबचं सगळं पुसट दिसायचं, पाटीवर कोणी ओलं फडकं फिरवल्यासारखं. डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं. कोंढ्याला पोचून जेवणं होईस्तोवर ते धुकं थोडं विरायचं. सकाळी उठावं तर सगळं लख्ख.

त्या धुक्याने गावात माझी अब्रू घेतली. पौर्णिमेला संध्याकाळी विहारात वंदनेला सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून जमायच्या. मी गाडीतून उतरून थेट तिथे पोचले. समोरच्या ओळीत पांढऱ्या साड्यांवर तोंडं म्हणून नुसते सावळे गोळे. त्यातला एक गोळा माझी सख्खी मावशी होता, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, हे मला कसं कळावं? मी सरळ पुढे गेले. मावशीने दुसऱ्या दिवशी नळावर सांगितलं, "कॉम्प्युटरवाली झाली ना ते, आता आपल्याले कायले वळखते!" मी घरी जाऊन पाया पडले, सगळं समजावलं. ती म्हणाली, "हाव हाव, मोठ्या मानसाईचे डोये असेच असतेत." तिचा तो समज कधीच गेला नाही. आता ती नाही. माझ्या उभ्या नोकरीत मला एवढीच गोष्ट सलते, की मावशीच्या लेखी मी शेवटपर्यंत गर्विष्ठच राहिले.

शेवटी धीर करून साहेबांना सांगितलं. साहेब नागपूरचे, हुशार, स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांचा जीव यंत्रात गुंतलेला. ते म्हणाले, "डोळ्यांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. सकाळी ऑफिसला येण्याआधी दाखवून ये."

सकाळी गेले. डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वरपासून खालपर्यंत खडाखडा वाचली. दुसऱ्या डोळ्यानेही. ते म्हणाले, "इतके चांगले डोळे मला रोज बघायला मिळत नाहीत." मी सांगत होते की संध्याकाळी असं नसतं. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, पुन्हा सकाळीच, आणि मी पुन्हा शेवटची ओळ वाचून दाखवली. त्यांनी तसा निरोप साहेबांना दिला.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा बडेबाबू तिथेच होते. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क वासुदेवराव. धोतर, काळी टोपी, तपकिरीची डबी. ती सगळी रजिस्टरं त्यांच्याच हातची. मी त्यांचं अक्षर पडद्यावर चढवत होते, आणि ते चढवून संपलं की बडेबाबूंना काय काम उरणार हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ते माझ्याशी फार बोलायचे नाहीत.

साहेब म्हणाले, "डॉक्टर सांगतात डोळे उत्तम आहेत. मग हे काय चाललंय?"

बडेबाबूंनी तपकीर ओढली. "साहेब, मी जलमभर लेजर लिवलं. कंदिलाच्या उजेडात लिवलं. माह्ये डोये गेले का? हे आजकालच्या पोरीईचे बहाने आहेत. काम नाई होत तं सांगून द्यावं."

साहेब म्हणाले, "सहा महिने संपत आलेत, निर्मला. मला वर लिहून द्यायचंय. विचार कर."

मी खोलीत परत आले, स्वेटर घातला आणि डोळे वटारून पुढची ओळ सुरू केली. रडायचंही जमेना, कारण रडलं की हिरवी अक्षरं आणखी पसरायची.

त्याच आठवड्यात ती संध्याकाळ आली. महिनाअखेर होती, साहेबांनी जास्त वेळ थांबवलं होतं. स्टँडवर पोचले तर दिवेलागणीची वेळ. गाड्या उभ्या होत्या, पाट्या लावलेल्या. मी एका पाटीकडे डोळे बारीक करून पाहिलं. सुरुवातीला एक काना-मात्रा, वर टिंब, शेवटी काना. कोंढा. चढले, जागा मिळाली, डोळे मिटून टेकून बसले. गार हवेपुढे दिवसभर उघडे ठेवलेले डोळे मिटताना वाळू भरल्यासारखं वाटायचं, तरी मिटल्यावर बरं वाटायचं. कंडक्टर फार उशिरा माझ्यापर्यंत आला. गाडी तोवर गावाबाहेर निघून पळू लागली होती.

"एक कोंढा," मी म्हटलं.

कंडक्टरने तिकिटाची पेटी खाली केली. "बाई, हे गाडी गोंदियाले जाते. कोंढा कुठं, गोंदिया कुठं!"

"पाटी तर कोंढ्याची होती."

"हे पाहा," तो गाडीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाला, "पाटीवर गोंदिया लिवलं हाय. वाचता येते का नाई?"

माझ्या पर्समध्ये टायपिंगची दोन सर्टिफिकेटं होती. शेजारी एक म्हातारी कोंबडीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "वाईट नोको वाटू देऊ बाई. मले बी वाचता येत नाई. मी डायवरलेच इचारतो. लाज कायची?"

तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारीला वाटलं मी रडते. तिने टोपलीतून एक चिक्कू काढून दिला. कोंबडी त्याच्यावरच बसली होती बहुतेक, तो गरम होता.

लाखनीला उतरले. महामार्गावर ट्रकांची रांग, त्यांचे दिवे माझ्या डोळ्यांत फुटून फुलबाज्यांसारखे उडत होते. परत भंडाऱ्याला जाऊन कोंढ्याची गाडी मिळणार नव्हती. बाबांचे एक सोबती मास्तर लाखनीला राहत. एका पानवाल्याला त्यांचं घर विचारलं, त्याने माणूस सोबत दिला. मास्तरांच्या घरी जेवले, झोपले. पण कोंढ्याला कसं कळवायचं? फोन नव्हता. माय-बाबांनी ती रात्र कशी काढली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सकाळी मी पहिल्या गाडीने भंडाऱ्याला आले, तर बाबा ऑफिसच्या फाटकाशी सायकलला टेकून उभे होते. कोंढ्याहून भंडाऱ्यापर्यंत सायकलवर. मला पाहून ते रागावले नाहीत. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

मी सगळं सांगितलं. ते आत गेले, साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पोरीची नोकरी मला फार मोलाची आहे. पण तिचे डोळे तुमच्या रजिस्टरपेक्षा जास्त दिवस लागणार आहेत. मी तिला घेऊन जातो."

साहेब म्हणाले, "गुरुजी, महिनाअखेरचा माल-हिशेब नागपूरला पाठवायचाय!"

"ते तुम्ही बघा," बाबा म्हणाले. "यंत्र तर तुमच्याकडेच आहे."

मी बाबांच्या मागे सायकलच्या कॅरिअरवर बसून निघाले. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते. दोन दिवस मायबरोबर शेतात गेले. बांधावर बसून लांबची पळसाची झाडं बघत राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत आवाज आला, "निर्मला बाई हाये का घरी?"

ओटीवर येऊन पाहिलं तर बडेबाबू. पण ते आमच्या घरासमोर नव्हते. ते शेजारच्या गोठ्याच्या दाराशी टोपी सावरून उभे होते आणि आतल्या म्हशीला विचारत होते.

मी हाक मारली, "बडेबाबू, इकडे!"

ते दचकून वळले. "हाव हाव. ऊन लागून राहिलं नं डोयावर." आत येऊन पाटावर बसले, गूळपाणी घेतलं. बाबा आले. बडेबाबूंना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगताना हसू आवरत नव्हतं. ते हसतात हे मला त्या दिवशीच कळलं.

"साहेबांनं पाठोलं मले," ते म्हणाले. "ऐका आता. तुमी गेल्यावर साहेब म्हने, 'यात काय कठीन हाये? मीच करतो.' सकायपासून बसले. चहा आतच, जेवन आतच. नागपूरचा फोन आला तं मले म्हने, 'सांगून द्या, होते आजच.' संध्याकायी बाहीर आले, डोये असे लाल. आमी फाटकाजवळ उभे. साहेब आपल्या गाडीपाशी गेले अन् थबकले. डायवरले म्हने, 'माझी गाडी कुठाय?' डायवर म्हने, 'हेच तं हाये जी.' साहेब म्हने, 'माझी गाडी पांढरी आहे! ही गुलाबी कोणाची?'"

माय आतून पदर तोंडाला लावून बाहेर आली. "गुलाबी?"

"गुलाबी! लग्नातल्या सरबतावानी, असं म्हनले. मंग गाडीले हात लावून पाहून राहिले. रंग हाताले लागते का म्हनून. तेवढ्यात गोदामाचा चौकीदार समोरून आला, तं त्याले 'नमस्कार डॉक्टर' म्हनले. चौकीदार घाबरून पयालाच!"

बाबा गुरुजी माणूस, चारचौघांत कधी मोठ्याने हसत नसत. त्या दिवशी त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मला मात्र हसण्याआधी एकदम हलकं वाटलं. गुलाबी भात मी एकटीने पाहिला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी साहेब मले म्हने, 'पोरगी खरं बोलत होती, बडेबाबू.' मी म्हटलं, 'होय साहेब.'" ते थांबले, डबी उघडली, तपकीर न ओढता मिटली. "मी पयले तसं बोलाले नाई पायजे होतं, बाई. चाला उद्या."

गेल्यावर साहेबांनी मला बसायला सांगितलं. ते स्वतः कपाळावर ओला रुमाल ठेवून होते. डॉक्टरांना त्यांनी फोनवर जे सांगितलं ते मी समोर बसून ऐकलं: "सकाळी नाही हो. पाच वाजता या. तक्ता घेऊन इथेच या. हिचे डोळे पाच वाजता आजारी पडतात."

दिवसभर मी नेहमीसारखं काम केलं. डॉक्टर पाचला आले. आधी ते माझ्या मागे उभे राहून नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही अख्खी ओळ संपेपर्यंत पापणी मिटली नाही. माझेच डोळे चुरचुरायला लागले." काळ्या कापडाकडे पाहिलं, गार हवेपुढे हात धरला, रजिस्टरवरच्या दिव्याचा गोळा पडद्यात कसा चमकतो ते वाकून पाहिलं. मग बाहेरच्या हॉलमध्ये तक्ता टांगला. सगळं ऑफिस गोळा झालं. मी अंतरावर उभी राहिले. वरच्या दोन ओळी वाचल्या, तिसरीला अडखळले, पुढे नुसत्या मुंग्या.

बडेबाबू आता माझ्या बाजूचे झाले होते. त्यांना राहवेना. पुढे होऊन त्यांनी काठीने दाखवलं, "हे पाहा बाई, हे मोठं मोठं हाये. हे वाचा."

बडेबाबूंनी काठी टेकवली होती ती शेजारी टांगलेल्या खताच्या कॅलेंडरवर. तिथे अक्षर नव्हतंच, बैलजोडीचं चित्र होतं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "वासुदेवराव, तुम्ही जरा इकडे या."

"मले काय झालं? मले काई झालं नाई."

"या तर खरं."

बडेबाबूंना सगळ्यात वरचं एकुलतं एक मोठं अक्षरही दिसलं नाही. ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. मग साहेबांकडे न बघता म्हणाले, "किती दिवसापासून असं हाये. चष्मा लावला तं म्हनान म्हातारा झाला, काढा याले. त्यात हे मशीन आलं." मला एकदम कळलं की अलीकडच्या रजिस्टरांत त्यांचं अक्षर एवढं टपोरं का झालं होतं. मला वाटायचं ते माझ्या सोयीसाठी तसं लिहितात.

साहेब काही बोलणार तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "यांचं काम सोपं आहे, चष्म्याने भागेल. बाईंचं चष्म्याने भागणार नाही." त्यांनी मला दारात नेऊन लांबची पाण्याची टाकी दाखवली. "तिच्याकडे बघत राहा. डोळे मिटा, उघडा. घाई नाही." चहा झाला. पुन्हा तक्त्यापुढे उभं केलं तर आणखी दोन ओळी वाचता आल्या. ते सगळ्यांना म्हणाले, "जवळचं बघताना डोळ्याच्या आतला एक स्नायू मूठ वळल्यासारखा आवळतो. दिवसभर मूठ वळून ठेवली तर संध्याकाळी बोटं चटकन उघडतील का? तसंच हे. वर डोळे मिटायचेच नाहीत, समोरून वारा. डोळे कोरडे पडणार नाहीत तर काय? आणि सतत हिरवं बघून डोळा हिरव्याला थकतो, म्हणून बाहेर आल्यावर पांढरं गुलाबी दिसतं. सकाळी तपासून मला हे कळणार नव्हतं. मीही दोनदा सकाळीच बोलावलं."

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी काळं कापड स्वतः उपटलं. खिळ्यासकट आलं ते. टेबल फिरवलं, खिडकी बाजूला आली. गार हवेचं तोंड भिंतीकडे केलं, त्यामुळे भिंतीवरचा गणपती गारठला, पण मी वाचले. सुताराकडून रजिस्टर उभं ठेवायला लाकडी घोडी करून घेतली. मला नवी खुर्ची मिळाली. आणि दर तासाला उठून पाण्याची टाकी बघून यायची सक्ती. नागपूरहून एकदा कोणी अधिकारी आले, तेव्हा मी नेमकी दारात टाकीकडे बघत उभी. ते म्हणाले, "ही मुलगी काय करतेय?" साहेब म्हणाले, "काम."

बडेबाबूंचा चष्मा आला तो दिवस मी विसरणार नाही. काळी जाड काडी, भिंगं तशीच जाड. ते हॉलच्या मधोमध उभे राहून एकेकाकडे बघत होते. माझ्यापाशी आले, न्याहाळलं आणि म्हणाले, "तू एवढीशी पोरगी हायेस? मी तं समजून राहिलो होतो का तू चाळिशीची बाई असशीन!" त्या दिवसापासून मी 'बाई'ची 'पोरी' झाले आणि ते माझे काकाजी.

मग साहेबांना एक युक्ती सुचली. मान रजिस्टरकडे वळवायचीच नाही, रजिस्टर कोणीतरी वाचून दाखवायचं. वाचणार कोण? ज्याने लिहिलं तोच. माझ्या शेजारी खुर्ची टाकून काकाजी बसले. काळी टोपी, नवा चष्मा, मांडीवर रजिस्टर. गळा खाकरला आणि पोथी लावल्यासारखे सुरू झाले: "पट्टा, ब पन्नास, नग बाराऽऽ. अड्याळचे गिरणीवाले. हा मानूस लय खट, परत करायले आला होता." मी म्हटलं, "काकाजी, शेवटचं टाकायचं नाही ना?" "नाई नाई. ते तुले सांगतो."

अशी आम्ही ती सगळी जुनी रजिस्टरं चढवली, आणि मग रोजचा नवा मालही. ओळ संपली की ते म्हणायचे, "मिट आता डोये," आणि मी मिटायची. प्रत्येक पट्ट्यामागे त्यांच्याकडे एक माणूस होता. कोणी हंगामात रडत आलेला, कोणी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेला. पडद्यात नुसते आकडे गेले, माणसं माझ्याकडे राहिली. मला कायम केल्याचं पत्र आलं तेव्हा तेही त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं, तारीख-वार सगळं हेल काढून.

काही वर्षांनी ते निवृत्त झाले. ऑफिसने शाल-नारळ दिलं. जाताना त्यांनी यंत्राच्या झाकणावर हलकेच थाप मारली, शेजारच्या म्हशीला मारावी तशी, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत बसले. पडदा हिरवा उजळला. बाजूची खुर्ची रिकामी. घोडीवर रजिस्टर लावलं, ओळ उचलली आणि बोटं चालेचनात. कान थांबले होते. मी दोनदा गळा खाकरला. मग मोठ्याने म्हटलं, "चाळणी, क सात, नग तीऽऽन. पवनीचे गिरणीवाले." बोटं सुरू झाली. पुढची ओळ आणखी हेल काढून म्हटली.

दारात साहेब उभे होते. त्यांनी खोलीत सगळीकडे बघितलं. "निर्मला, कोणाशी बोलून राहिली?"

"कोणाशी नाही साहेब," मी म्हटलं. "माल चढवून राहिले." आणि डोळे मिटले.